उलटं करून बघा

आमचा मिक्सर गेल्या रविवारी गेला. सुक्या खोबऱ्याचं वाटण निम्म्यावर आलेलं असताना तो घरघरला, जरासा जळका वास सोडला आणि गप्प झाला. बायको म्हणाली, "घ्या! सांगत होते, भांडं एवढं गच्च भरू नका." भांडं मी भरलं होतं. स्वयंपाकघरात मदत करायला गेलं की आरोपीची सोय आपोआप होते.

मिक्सर पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे निघालो. दोन वर्षांत ही त्याची तिसरी वारी. आधीच्या दोन्ही वेळा "ठेवून जा, संध्याकाळी बघतो" असं उत्तर मिळालं होतं, दोन्ही वेळा 150 रुपये गेले होते आणि दोन्ही वेळा "लोड देऊ नका" असा, हृदयरोग्याच्या नातेवाइकांना देतात तसा, गंभीर सल्ला मिळाला होता. या वेळी घाईत मिक्सर पिशवीत उलटा बसला आणि जिन्यात त्याचं बूड माझ्या नजरेस पडलं. तिथे करंगळीच्या नखाएवढं एक लाल बटण होतं. बटण दिसलं की दाबायचं, हा माझा बालपणापासूनचा स्वभाव. टक् असा आवाज झाला. घरी परतलो, प्लग लावला, आणि मिक्सर सुरू!

नंतर कळलं ते असं. भार जास्त झाला आणि मोटर तापायला लागली की हे बटण बाहेर येतं आणि वीज तोडतं, म्हणजे मोटर जळत नाही. मिक्सर थोडा वेळ गार होऊ द्यायचा, बटण आत ढकलायचं, संपलं. बटणाशेजारी तसं छापलेलंही होतं. म्हणजे आजवर दिलेले 300 रुपये दुरुस्तीचे नव्हते. मिक्सरचं बूड माझ्या वतीनं वाचण्याची ती मजुरी होती.

तेव्हापासून मला वस्तूंची बुडं वाचायचा नाद लागला आहे.

गॅसची टाकी उलटी करता येत नाही, पण वाकता येतं. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला 'बी-27' असं काहीतरी असतं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एका मामांनी ही 'गॅसची एक्सपायरी' असल्याचं जाहीर केलं होतं. गॅस म्हणजे काय श्रीखंड आहे? ती तारीख टाकीच्या पुढच्या तपासणीची. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, पुढे वर्ष. तिथेच आसपास रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन आलं. पावशेर मिरच्या घेताना आम्ही काट्याकडे डोळे वटारून बघतो, आणि चौदा किलो गॅस 'ठेवा तिकडे' म्हणून घेतो.

आत गॅस किती उरला, हे मात्र कुठेही कोरलेलं नाही. त्यासाठी मी एक डिजिटल यंत्र मागवायच्या बेतात होतो. भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "काका, ओलं फडकं फिरवा की." फिरवलं. वरचा भाग भराभर वाळला, खाली एका रेघेपर्यंत ओल टिकून राहिली. आत जिथवर पातळ गॅस असतो तिथवर पत्रा गार राहतो, म्हणून पाणी उशिरा वाळतं. यंत्राची ऑर्डर रद्द केली. मावशींनी 150 रुपये मागितले नाहीत, यावरून त्यांना धंदा कळत नाही हे उघड आहे.

मग तळमजल्यावरच्या मीटरकडे मोर्चा वळवला. आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलाय. त्याचा अर्थ, त्यावरचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचाही प्लग काढला आणि घड्याळ लावून मीटरसमोर उभा राहिलो. चोर पकडल्यासारखे दोघे-तिघे बघून गेले. दिवा तरीही मिनिटाला एकदा डोळा मारत होता. म्हणजे तासाला साठ, म्हणजे जवळजवळ 19 वॅट, म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट. कोण खातंय? सेट-टॉप बॉक्स! रिमोटनं 'बंद' केला की तो फक्त दिव्याचा रंग बदलतो आणि आत जागाच राहतो. मी हा शोध मोठ्यानं जाहीर केला. बायको म्हणाली, "दिवसभर पडून राहून खाणारं घरात आणखी कुणी आहे हे कळलं, बरं झालं."

रिमोटचंही तसंच. तो चालेनासा झाला की तळहातावर आपटायचा, मग मागचं झाकण काढून सेल नुसतेच गोल फिरवायचे, हा आपला परंपरागत आयुर्वेद. त्यापेक्षा मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा लावा, रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांना दिसतो. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. ठिपका आला तर रिमोट बरा, नाही आला तर बहुधा सेल संपले. आमचा ठिपका झकास आला. टीव्हीचा भिंतीवरचा स्विच बंद होता. तो मीच, वीज वाचवायला, केला होता.

वस्तू उलटी करता येते, गाव कसं उलटं करणार? पुण्यात वीज किंवा पाणी जायचंच असलं तर गुरुवारी जातं. मी इतकी वर्षं समजत होतो की दत्ताच्या वारी नळही उपास करतात. मग कुणीतरी पिंपरी-चिंचवडकडे बोट दाखवलं. तिथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी विजेची मागणी कमी, म्हणून तारा-खांबांची दुरुस्ती तेव्हाच काढतात, आणि पाण्याच्या पंपांची कामंही बहुधा त्याच मुहूर्तावर उरकतात. रविवारची आंघोळ शाबूत राहते ती या कामगारांमुळे. नवसाचे नारळ मात्र भलतीकडे फुटतात.

असो. काल शेजारच्या वहिनी दारात आल्या. "भाऊजी, आमचा मिक्सर गेला हो! तुम्हाला यातलं कळतं म्हणे."

मी जाताना स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याची गरज नव्हती, पण हातात काही नसलं की माणूस अडाणी वाटतो. मिक्सरला कान लावला. "कधीपासून होतंय?" विचारलं. "हं" म्हणालो. मग त्यांच्याकडे पाठ केली, मिक्सर उलटा केला आणि खोकल्याच्या आवाजात टक् लपवलं.

मिक्सर फिरला. वहिनींनी चहा ठेवला, सोबत दोन बेसनाचे लाडू दिले, आणि "काय जादू आहे हो तुमच्या हाताला!" म्हणाल्या. बटणाचं सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठांत लाडू होता.

निघताना एवढंच म्हणालो, "लोड देऊ नका."