रिमोटराव, एन-सेव्हन

संभाजीनगरात सिडकोच्या एन-सेव्हनमध्ये सकाळी अकरा वाजता बर्म्युडा घातलेला, दाढी वाढलेला, तिशीच्या अलीकडचा-पलीकडचा कुणी दुधाची पिशवी घेऊन चाललेला दिसला, तर त्याला बेकार समजू नका. ते रिमोटराव. 2020च्या टाळेबंदीत हिंजवडीहून दोन बॅगा घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. आता त्यांची कंपनी अमेरिकेत, साहेब पोलंडमध्ये आणि खुर्ची गच्चीवरच्या खोलीत.

शेजारच्या काकूंना एवढंच ठाऊक, की हा पोरगा घरीच असतो. स्थळं येतात तीही तिथेच अडखळतात.

"मुलगा काय करतो?"

"घरून काम करतो."

"ते झालं हो, पण करतो काय?"

इथे रिमोटराव खरं सांगून घात करून घेतात. म्हणतात, "बटणं बनवतो." मुलीच्या वडिलांपुढे गुलमंडीतलं शिलाईच्या सामानाचं दुकान उभं राहतं आणि चहा गार होतो.

बटणं खरीच, पण पडद्यावरची. बटण, तारखेचं कॅलेंडर, उघडमीट होणारी यादी, असा एकेक तुकडा एकदाच नीट घडवायचा आणि कंपनीच्या सगळ्या पानांवर तोच बसवायचा, हा त्यांचा धंदा. त्याला म्हणायचं वेब कॉम्पोनंट. त्यासाठी ब्राउझरला नवा टॅग शिकवावा लागतो आणि त्या टॅगच्या नावात हायफन असलाच पाहिजे, असा नियम आहे. उद्या ब्राउझरने स्वतःच त्या नावाचा टॅग काढला तर भांडण नको. रिमोटरावांनी आपल्या प्रत्येक तुकड्याच्या नावापुढे 'एसएन' आणि हायफन लावलाय. कंपनीला ते काहीतरी तांत्रिक वाटतं. ते संभाजीनगर आहे.

शिवाय शॅडो डॉम नावाची एक सोय असते. तुकड्याच्या आतली रंगरंगोटी बाहेर सांडत नाही, बाहेरची सहसा आत शिरत नाही. हे तत्त्व रिमोटरावांनी गच्चीवरच्या खोलीलाही लावून पाहिलं. जमलं नाही. साहेब बोलत असतानाच आई ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहते. "कामून एकटाच बडबडायलास? जेव आधी." त्यात नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटार लावायला कोण उठणार, हा प्रश्न पोलंडला कळत नाही.

घड्याळाचं तर विचारूच नका. न्यूयॉर्कवाल्यांची सकाळी दहाची बैठक म्हणजे इथे रात्रीचे साडेसात. नोव्हेंबरात अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते आणि एन-सेव्हनमधली भाजी तासभर जास्त निवते.

आता अशा माणसाला नोकरीवर घेतात कसं, ते ऐकण्यासारखं आहे. वेब कॉम्पोनंटची कल्पना अॅलेक्स रसेल नावाच्या प्रोग्रामरने 2011मध्ये मांडली. एज ब्राउझर जानेवारी 2020मध्ये क्रोमियमवर आला तेव्हा कुठे सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ती चालू लागली. रिअॅक्ट नावाच्या लायब्ररीने तिला पुरता आसरा दिला तो डिसेंबर 2024मध्ये, 19व्या आवृत्तीत. जाहिरातवाले मात्र या सगळ्याचा मिळून दहा वर्षांचा अनुभव मागतात आणि रिमोटराव तो बेधडक भरतात. मग घरी करायला एक काम येतं: 'फक्त चार तासांचं.' त्याला दोन रात्री जातात. काम काय, तर पुन्हा एक बटण. जो माणूस एकदा केलेलं परत करायला लागू नये म्हणून हवाय, त्याच्याकडून प्रत्येक कंपनी पहिल्यापासून बटण करून घेते! मला तरी या पद्धतीत अक्कल दिसत नाही.

रिमोटरावांना आत्ताची नोकरी मात्र बटणाने मिळाली नाही, गावाच्या नावाने मिळाली. अर्जात शहराच्या रकान्यात फक्त वीस अक्षरं मावत होती. छत्रपती संभाजीनगर इंग्रजीत लिहायला मधली मोकळी जागा धरून पंचवीस लागतात. रकान्याने 'नगर' कापून टाकलं. रिमोटरावांनी खाली शेरा मारला: 'तुमचा हा तुकडा लांब नावाला टिकत नाही, आणि तो तुम्ही आणखी कुठे कुठे लावलाय ते बघा.' तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

हे सगळं घरात एकाच माणसाला कळतं, वडिलांना. 1985मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि भोवती सुटे भाग करणारी युनिटं उभी राहिली. त्यातल्या एकात त्यांचा जन्म गेला. एकच बुश चार मॉडेलांना बसला पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पोराच्या धंद्याबद्दल त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारला: "तुझा पार्ट फेल गेला, तर गाडी कुणाची थांबते?" रिमोटराव तीन कंपन्यांच्या मुलाखती देऊन आले होते, हा प्रश्न एकीतही निघाला नव्हता.

तेव्हा परदेशी कंपन्यांना एक विनंती. घरी करायचं बटण बंद करा आणि पहिली फेरी वाळूजहून रिटायर झालेल्या कुणा क्वालिटी इन्स्पेक्टरकडे द्या. आठवड्यात माणूस मिळेल. मुलाखत तेवढी पाणी येण्याच्या दिवशी ठेवू नका.