ग्रुपवाले काका

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक डब्यात एक काका असतात. नाव कुणाला धड ठाऊक नसतं, पण त्यांना मात्र सगळ्यांची नावं, गावं आणि कुणाच्या मुलाची बारावी आहे हे पाठ असतं. तुम्ही चढलात की पहिलं वाक्य, "बॅग वर द्या." दुसरं, "जरा सरकून घ्या, चौथा बसतोय." बाक तिघांचा, बसायचं चौघांनी, आणि चौथ्याने अर्ध्या मांडीवर बसूनही चेहरा प्रसन्न ठेवायचा, हा त्यांच्या राज्याचा कायदा.

दुसरा कायदा उठण्याचा. डोंबिवलीला बसलेल्यांनी निम्म्या वाटेत उभ्या असलेल्यांना जागा द्यायची. खिडकीबाहेर न बघताच काकांना कळतं. "चला, मुलुंड गेलं, उठा." मग पेंगणारा बँकवालाही डोळे न उघडता उठतो आणि दांडीला लटकून उरलेली झोप घेतो.

या माणसाशेजारी वाचायची सोय नाही. पेपर एकच येतो, त्याची पानं सुटी होतात, खेळाचं पान दाराकडे जातं आणि अग्रलेख माझ्याकडे येतो, कारण "तुम्ही वाचणारे." दोन ओळी होत नाहीत तोच नाकाखाली पोह्यांचा डबा. "हिने दिलेत. एकेक चमचा." चमचाही एकच. नको म्हणायची सोय नाही, "डायबेटिस आहे का?" असा प्रश्न साऱ्या डब्याला ऐकू जातो.

मध्यंतरी एक नवा मुलगा येऊ लागला, कानात बोंडकं खुपसून. काकांनी तिसऱ्या दिवशी त्यातलं एक स्वतःच्या हाताने काढलं आणि विचारलं, "नाव काय? जेवतोस कुठे?" पोरगा भयंकर चिडला. पुढल्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला. रात्री प्लेटलेट लागल्या तेव्हा रक्तपेढीच्या बाकावर आमच्या डब्यातले सात जण बसले होते आणि काका तिथेही म्हणत होते, "सरकून घ्या." आता झेंडू आणायला तोच पोरगा पहाटे कल्याणच्या फूलबाजारात जातो.

झेंडू दसऱ्याचा. सणाला ऑफिसं बंद, म्हणून आदल्या दिवशीच डब्याची पूजा. दाराला तोरण, पंख्यांना पताका, खिडक्यांना माळा आणि पेढे. वर्गणीची वही काकांकडे. "ऐच्छिक आहे," असं म्हणत ते समोरून हलत नाहीत.

इतिहासाबद्दलही त्यांचं एक मत आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १४ डबे आणि चारेकशे माणसं. काकांना याची कीव येते. "अहो, तेवढी आपल्या एका डब्यात असतात! एवढं ऐसपैस बसल्यावर ओळखी कशा होणार?"

गंमत म्हणजे काका दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. पण तिमाही पास चालूच आहे. गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून, टाळ पिशवीत टाकून ते हजर. दादरपर्यंत भजन, फलाटावर सगळ्यांबरोबर घाईचा चहा, मग ऑफिसवाले पांगले की उलट्या गाडीने एकटे घरी. काकू म्हणतात, "ह्यांचं ऑफिस सुटलं, गाडी काही सुटत नाही." काका यावर फक्त पासची मुदत तपासतात.

टाळ बेसुरा वाजवतात, हे मी इथेच सांगतो, तोंडावर कुणी सांगत नाही. कंटाळा येतो, कधीकधी चक्क डबा बदलावासा वाटतो. पण डबा बदलला तर दुसऱ्या दिवशी फोन येतो, "बरं आहे ना?" आणि असं विचारणारं घराबाहेर दुसरं कोण असतं?

तेव्हा कधी त्या डब्यात चढलात तर दारात लटकू नका, आत या. नाव विचारतील, खरं सांगा. वर्गणीचे पैसे मात्र सुटे ठेवा, काका मोड परत देत नाहीत.