ऐकेल त्याचं स्टेशन

नवापूर रेल्वे स्टेशनवर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. दोन राज्यांची हद्द बरोबर मधून गेली आहे, आणि तसं बाकावर रंगवून लिहिलंही आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. बाहेरगावचे लोक इथे उतरतात, एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून फोटो काढतात आणि जातात. तलाठीआप्पा मात्र रोज संध्याकाळी या बाकावर येतात ते रेडिओ ऐकायला. मांडीवर ट्रान्झिस्टर, त्याला कातड्याची वादी. मराठी बातम्या असेपर्यंत ते महाराष्ट्रात बसतात. बातम्या संपल्या की बूड हातभर सरकवून गुजरातेत जातात आणि तिकडची भजनं लावतात.

"आप्पा, लहरींना हद्द नसते," मी एकदा म्हणालो.

"लहरींना नसंल, मास्तर. नोंदीला असते."

आप्पांनी सारी नोकरी नवापूर तालुक्यात काढली. चिंचपाडा, खांडबारा, विसरवाडी या बाजूंच्या निरनिराळ्या सजा त्यांनी सांभाळल्या, किंवा त्यांच्या शब्दांत, भोगल्या. निवृत्तीच्या दिवशी दप्तर सुपूर्द केलं; भाषा सुपूर्द करायची राहून गेली. नातू झाला तेव्हा त्यांनी पेढा देत "वारस लागला" असं सांगितलं. शेजाऱ्यांच्या मुलीची सोयरीक मोडली, तर "फेरफार नामंजूर." जगात दिसेल त्या वस्तूला ते मनातल्या मनात सातबारा लावतात: मालकी कोणाची, कसतो कोण, आणि इतर हक्कात कुणाचं नाव आहे.

रेडिओ त्यांच्या आयुष्यात आला तो चावडीवर. नोकरीचं पहिलं गाव मावची बोलणारं, आप्पांची अहिराणी, सरकारची मराठी आणि दुकानदाराची गुजराती. संध्याकाळी जळगाव केंद्र लागलं की सगळे गप्प बसून ऐकायचे. कुणाला किती कळायचं देव जाणे, पण चावडीवर भांडण न होता तास गेला याचं श्रेय आप्पा अजून त्या 963 किलोहर्ट्झला देतात. मीडियम वेव्हवरचा तो आकडा त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे, असं काकू सांगतात. तक्रार म्हणून.

त्या काळी रेडिओला परवाना लागायचा. पोस्टात दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. पुढे परवाना रद्द झाला, लोकांनी ती पुस्तकं चुलीत घातली. आप्पांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, खताच्या रिकाम्या गोणीत, माळ्यावर आहे. कारण आप्पांच्या मते ते परवाना पुस्तक नाहीच, त्या खंडाच्या पावत्या आहेत. "1 एप्रिल 1957," ते बोट वर करून सांगतात. "कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं मालक झाली. कसेल त्याची जमीन. मग मी वर्षानुवर्षं खंड भरून ऐकलं ते काय उगाच? ऐकेल त्याचं स्टेशन!"

यात हसण्यासारखं आहे हे खरं, पण मला एकदा त्यांनी वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण दाखवलं. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगून टाकलं होतं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आप्पांनी त्या वाक्याखाली तांबड्या शाईने रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला होता: गायरान.

त्यानंतर त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलं.

तर या गायरानाची आप्पा एक वही ठेवतात. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, आडवे-उभे रकाने आखलेली. पहिल्या पानावर "गाव नमुना सहा (हवेतील)" असं शीर्षक आहे. रेडिओच्या जगात कुठेही मालक, नाव किंवा कार्यक्रमांचा घाट बदलला की इथे फेरफार पडतो. पहिली नोंद रेडिओ सिलोनची. 1967 साली त्याचं महामंडळ झालं, 1972 साली देशाचंच नाव बदलल्यावर श्रीलंका आलं. शेऱ्याच्या रकान्यात: "नाव बदलले. वहिवाट पूर्ववत." त्याच 1967 सालच्या 1 नोव्हेंबरला विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. शेरा: "उभ्या पिकात तण." बिनाका गीतमालेचं पुढे सिबाका झालं, कारण टूथपेस्टचंच नाव बदललं. हा बदल आप्पांना इतका लागला की त्यांनी शेरा लिहिलाच नाही, फक्त दात घासायची पावडर बदलली. राखुंडीवर आले.

23 नोव्हेंबर 1997 ला आकाशवाणी सरकारी खात्यातून प्रसार भारतीकडे गेली, हा वहीतला सगळ्यात मोठा फेरफार. तो धड पचला नव्हता तोच 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला आणि आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या दुसऱ्या जिल्ह्यात गेले. त्यांना स्वतःच्या बदलीचं दुःख नव्हतं. दुःख फर्माईशींचं होतं. झुमरी तलैयाचं नाव नुसत्या फर्माईशींच्या पत्रांनी देशभर झालं; नवापूरचंही व्हावं म्हणून आप्पांनी आयुष्यभर पोस्टकार्डं धाडली होती, सगळ्यांवर "जिल्हा धुळे." आता निवेदक कार्ड वाचताना जुना जिल्हा वाचणार! त्यांनी निरनिराळ्या केंद्रांना दुरुस्तीची कार्डं पाठवली. एका केंद्राने ती दुरुस्तीच फर्माईश समजून गाणं लावलं.

नवापूरचं नाव जगभर झालं ते भलत्याच कारणाने. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, पोल्ट्रीवाले देशोधडीला लागायची वेळ आली, गावात चिटपाखरू बोलेना. त्या सुतकी दिवसांत बीबीसीच्या हिंदी बातम्यांत आप्पांनी "नवापूर" ऐकलं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ बसून राहिले. वहीत लिहिलं: "उल्लेख झाला. कोंबड्यांमुळे. आनंद नाही." त्या बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण 31 जानेवारी 2020 ला थांबलं. तिथे शेरा आहे: "कूळ बेदखल, मालक स्वतःच परागंदा."

खाजगी एफएमवर आप्पांचा आधी राग होता. सरकारने गायरान लिलावात काढलं, 3 जुलै 2001 ला बंगळूरमध्ये पहिलं खाजगी केंद्र सुरू झालं, ही नोंद त्यांनी काळ्या शाईत केली आहे. पण नियम समजून घेतल्यावर राग थोडा निवळला. कारण परवाना ठरावीक वर्षांचा, नव्या फेरीत पंधरा. आणि मंत्रालयाच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. "म्हणजे भोगवटादार वर्ग दोन," आप्पा म्हणाले. त्यात बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा. "पीकपेऱ्यावर बंधन. गाणी पेरा, बातमी पेरायची नाही. ठीक." पुतण्या मुंबईत असतो, तो तिकडचे फेरफार कळवायचा. 104.8 वर बायकांसाठी म्हणून म्याव नावाचं केंद्र निघालं, त्याचं ओये झालं, मग इश्क झालं. आप्पांनी तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली, चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाई काय शे? आधी मांजर, मग हाक, मग भानगड."

घाव बसला तो मात्र घरच्याच केंद्राचा. घरचं म्हणजे, लांबच्या एका शहरातलं. नाव सांगत नाही. त्याची लहर नवापूरला पोचायचं काही कारण नाही. पण आप्पांनी परसातल्या लिंबाच्या शेंड्याला बांबू, बांबूला ॲल्युमिनियमची तार, तारेला सायकलचं रिम बांधून ती ओढून आणली होती. सकाळी तिथे एक बाई जुनी मराठी गाणी लावायची आणि मधेच बाजारभाव, लग्नसराई, पाऊस यावर बोलायची. आप्पा तिला "आमची निवेदिका" म्हणायचे. एका सोमवारी साडेसातला रेडिओ लावला तर बाई नाही. दोन पोरं एकमेकांना चिमटे काढल्यासारखी ओरडत होती, दर मिनिटाला काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि केंद्राचं नाव दुसरंच. आकडा तोच.

"कोणी तरी विकत घेतलं असेल," मी म्हणालो.

"विकलं? आणि नोटीस?"

तिसऱ्या दिवशी आप्पा निघाले. धुतलेलं धोतर, पिशवीत परवाना पुस्तक, कात्रण, वही, कोर्ट फी तिकीट लावलेला हरकत अर्ज, आणि दोन किलो नवापूरची तूरडाळ, भौगोलिक मानांकन मिळालेली. तलाठ्याने सरकारी कामासाठी कुणाला काही नेऊन दिल्याची तालुक्यातली ही पहिलीच वेळ असावी. सोबत मी होतो, साक्षीदार म्हणून.

कचेरी कसली, काचेचा डबा होता. समोरच्या मुलाने आप्पांना पाहिलं आणि "काका, गिफ्ट व्हाउचर घ्यायला आलात?" असं विचारलं.

"फेरफाराची नोटीस कुठे लावली होती?"

"काय?"

"मालक बदलला. हितसंबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर डकवायची, पंधरा दिवस हरकतीला ठेवायचे. मला काही मिळाली नाही."

मुलगा चांगला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की फ्रिक्वेन्सी तीच आहे, फक्त फॉर्मॅट बदललाय, आता टार्गेट अठरा ते तीस वयोगट आहे.

"म्हणजे जमीन तीच, पीक बदललं. आणि जुनं कूळ?"

"काका, तुम्ही राहता कुठे?"

"नवापूर."

मुलाने संगणकावर नकाशा काढला, त्यावरचं एक वर्तुळ पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "नवापूर आमच्या कव्हरेजमध्येच नाही! तुम्हाला आम्ही ऐकूच यायला नको."

आप्पा क्षणभर थांबले. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांच्या वहिवाटीचा दावा एका वर्तुळाने फेटाळला. पण समोरचा मुलगा तलाठ्याशी बोलत होता.

"मग माझं अतिक्रमण म्हणा," आप्पा शांतपणे म्हणाले. "जुनं अतिक्रमण नियमानुकूल करता येतं. दंड सांगा, भरतो. पण बाईला परत आणा."

बाई कुठे गेली, ते मुलाला माहीत नव्हतं; तो स्वतः तिथे नऊ दिवसांचा होता. त्याने अर्ज ठेवून घेतला. आप्पांनी आवक क्रमांक मागितला, तेव्हा त्याने शोधाशोध करून कुरियर घेतल्याचा शिक्का मारून दिला आणि वर एक किचेन दिली. डाळ त्याने घेतली नाही, कंपनीच्या पॉलिसीत बसत नव्हती. परतीच्या गाडीत आप्पा एवढंच म्हणाले, "माणूस स्वच्छ आहे. टिकायचा नाही."

पुढच्या सोमवारी साडेसातला ती दोन पोरं ओरडली, "फ्रेंड्स, नवापूरच्या एका काकांनी आपल्यावर लँड केस टाकलीय!" आणि अर्ज वाचला. सबंध. गाव नमुना, इतर हक्क, वर्ग दोन, सगळं. प्रत्येक वाक्यानंतर फुटल्याचा आवाज. मग एक पोरगं जरा थांबलं आणि म्हणालं, काका, हे तुमच्यासाठी. आणि जुनं मराठी गाणं लागलं.

काकू चुलीपाशून बाहेर आल्या. "नाव आलं ना नवापूरचं? जिल्हासुद्धा बरोबर सांगितला." आप्पा काही बोलले नाहीत. त्या दिवशी गल्लीतले तिघेचौघे येऊन त्यांचं अभिनंदन करून गेले. ज्याच्या लिंबावर तार नाही त्यालाही कसं कळलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

संध्याकाळी बाकावर गेलो तर वही उघडी होती. शाई अजून ओली. "हरकत सुनावणीस घेतली. अंशतः मंजूर. एक गाणे."

वर स्पीकरवर गाडीची घोषणा चालली होती. इथे ती हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होते. आप्पांनी चारही शांतपणे ऐकून घेतल्या.

"झालं ना मग मनासारखं?" मी विचारलं. "आणि आता तलाठीसुद्धा राहिला नाही आप्पा, सरकारने 2024 मध्ये तुमच्या पदाचं ग्राम महसूल अधिकारी करून टाकलं. सगळ्याचीच नावं बदलतात."

"त्याचा फेरफार वेगळ्या वहीत आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि मनासारखं कसलं? गाणं दुसऱ्या अंतऱ्यात कापून फ्लॅटची जाहिरात लावली. अपिलाची मुदत साठ दिवस असते, मास्तर. आज पहिला."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, रेडिओ उचलला आणि हातभर सरकून गुजरातेत गेले.