खोका मोठा, वाट छोटी

लॅपटॉपवर गेम अडखळतो म्हटलं की कामण गावातल्या होतकरू गेमरला सल्ला ठरलेला: बाहेरून ग्राफिक्स कार्ड लाव! म्हणजे आधी कार्ड घ्या, मग त्याला राहायला खोका घ्या, खोक्याला पॉवर सप्लाय घ्या आणि सगळ्यात शेवटी बघा, की लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टशेजारी कार्ड जोडायला सहसा लागणाऱ्या थंडरबोल्टची ती बारीकशी विजेची खूणच नाही.

खूण असली तरी गंमत पुढेच आहे. डेस्कटॉपमध्ये कार्डाला डेटाच्या ये-जा साठी सहसा १६ लेन मिळतात. थंडरबोल्ट ३ वर फार तर ४. भिवंडीच्या गोदामांचे सगळे कंटेनर चिंचोटी-कामण रस्त्यावर सोडावेत, तसलाच प्रकार. त्यात चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर हवं, तर तेही त्याच केबलमधून उलटं येणार. म्हणून जाणकार सांगतात, वेगळा मॉनिटर घ्या.

कार्ड, खोका, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. एवढं मांडलं की टेबलावर डेस्कटॉपच उभा राहतो, फक्त महागातला. ‘पण लॅपटॉप कुठेही नेता येतो ना!’ अगदी खरं. कामण रोड स्टेशनावर खुशाल दिव्याची गाडी पकडा. लॅपटॉप पाठीवर येईल. गेम तेवढा घरी राहील.