प्रतिनिधित्वाचा बंदोबस्त
‘ओदोरु दाइसोसासेन’ मालिकेतील २००३ च्या दुसऱ्या चित्रपटाने जपानी पोलीसपटातील स्त्री-प्रतिनिधित्वाचा प्रश्न एका नेमणुकीत निकाली काढला. तोक्योच्या किनारी भागातील खुनांच्या तपासाची सूत्रे प्रथमच एका महिलेकडे, ओकिताबाईंकडे, जातात. त्या हटवादी, हाताखालच्यांना तुच्छ लेखणाऱ्या आणि अपयशी निघतात. मग त्यांच्या जागी वरिष्ठ अधिकारी मुरोईसाहेब येतात नि तपास मार्गी लागतो. समतेची अशी काटकसर विरळाच : संधी आणि निकाल, दोन्ही एकाच पात्रात. याच धर्तीवर प्रत्येक उपेक्षित घटकाला पहिल्या तासापुरते अधिकारपद देता येईल. प्रेक्षकांनी १७ अब्ज येनांहून अधिक रक्कम मोजून पसंती कळवली आहेच. वरिष्ठ-कनिष्ठ भेद न मानणारी, म्होरक्याविना चालणारी संघटना चित्रपटात एकच आहे : नोकरकपातीत घरी बसलेल्या गुन्हेगारांची टोळी. तिला रीतसर अटक होते.