तीन वीसचा संन्यास

नाशिकरोडच्या छापखान्यात सरकार नोटा छापतं, आणि त्या आल्या वाटेने परत पाठवण्याचं काम याच शहरात सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन अत्यंत निष्ठेने चालतं. कॉलेज रोडवर मिसळ समोर निवत असते आणि तीन पिढ्या मोबाइलवर कँडल बघत असतात.

शेअरच्या इंट्राडे सौद्यांत २०२२-२३ साली दहातल्या सात जणांनी पैसे घालवले, असं सेबीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं. उरलेले तिघं कोण, हे आम्हाला कधीच कोडं वाटलं नाही. आम्ही ज्या टेबलावर बसतो, तिथे ते तिघंच असतात. त्याच अहवालानुसार तोट्यातल्यांनी १०० रुपये घालवायला दलाली, कर वगैरे मिळून वर ५७ रुपये मोजले. हरण्याचंही तिकीट आहे म्हणायचं!

खरी गंमत तीन वीसला. ब्रोकर सौदा कापायला येतो, शेअर खाली असतो आणि आमच्या अण्णांना अचानक वैराग्य येतं. “अरे, मी मुळात लाँग टर्मवालाच!” पाचपट उधारीवर घेतलेला माल डिलिव्हरीत न्यायला पूर्ण पैसे लागतात. वहिनींची एफडी मोडते आणि घराण्यात एक गुंतवणूकदार जन्माला येतो.

तसे खरे लाँग टर्मवालेही आहेत. ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलचा शेअर मार्च २०१८ मध्ये १,२१५ रुपयांना आला आणि पहिल्याच दिवशी त्याखाली घसरला. हुशार लोक लगेच बाहेर पडले. डीमॅटचा पासवर्ड विसरलेल्या एका काकांच्या हाती पुढे एकाचे दोन झाले आणि भाव कित्येक पट. काका आता व्याख्यानं देतात. पासवर्डचा उल्लेख मात्र टाळतात.

ते ऐकून अण्णांनी सुला वाइनयार्ड्सचा शेअर धरून ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ ला आलेला शेअर जानेवारी २०२४ पर्यंत दुप्पट व्हायला आला होता. “वाइन आहे, मुरू दे,” अण्णा म्हणाले. पुढे तो ३५७ च्याही खाली गेला.

लासलगावच्या बाजूला उन्हाळी कांदा चाळीत घालून भावाची वाट बघणारा शेतकरी हाच धंदा करतो, फक्त त्याचा माल सडतो आणि स्टॉप लॉस निर्यातबंदीच्या रूपाने दिल्लीहून लागतो. त्याला कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

परवा अण्णांना विचारलं, आता कधी विकणार?

“सिंहस्थ होऊ दे.”

कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही.