उरलेल्यांचा चषक

पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ बास्केटबॉलमधून पहिले चारच संघ अखिल भारतीयला जातात. उरलेल्यांनी काय गोट्या खेळायच्या? अमेरिकेत उरलेल्या कॉलेज संघांसाठी एनआयटी नावाची स्पर्धा आहे. 1938 ची, म्हणजे मुख्य एनसीएए स्पर्धेपेक्षा वर्षाने थोरली! तरी 2024 मध्ये इंडियाना विद्यापीठाने तिचं आमंत्रण नाकारलं.

एवढा माज नागपुरात परवडत नाही. कुठल्याशा स्मृतिचषकाचं बॅनर लागलं की संघ हजर. सामना पाचचा, पाहुणे साडेसातला. तोवर पोरं वॉर्मअप करून पुन्हा थंड. मग शाल, श्रीफळ, भाषण, आणि वेळ उरलाच तर बास्केटबॉल. पण वर्षभर बाकावर बसलेला पोरगा इथेच पहिल्यांदा उतरतो, हेही खरं. प्रमाणपत्र हातात पडताच तो विचारतो, "नोकरीच्या पाच टक्के खेळाडू कोट्यात चालते का बे हे?"

"फ्रेममध्ये चालते."